डाव्या डोळ्याची रेघ

डोंगराच्या कुशीतल्या एका पेठेच्या गावात एकदा एका कारागिराचा हात थांबला. हाताला इजा झाली नव्हती, तो दुखत नव्हता, भाकरीचा घास नीट तोंडापर्यंत नेत होता. थांबला तो एकाच कामापुरता. पण त्या माणसाचं सगळं आयुष्य त्या एका कामात गुंतलेलं होतं, म्हणून ही हकिगत सांगण्याजोगी.

त्याचं नाव केरबा. वय पस्तिशीच्या आसपास. तो गौरींचे मुखवटे करत असे. भाद्रपदात ज्येष्ठा आणि कनिष्ठा घरोघरी येतात, तीन दिवस माहेरवाशिणींसारखं कोडकौतुक करून घेतात आणि परत जातात. त्या दोघींची मुखं आसपासच्या वीस-पंचवीस गावांसाठी केरबाच्या कारखान्यात घडत. माती मळायची, साच्यात बसवायची, वाळवून भाजायची, वर पांढऱ्या खडीचा हात द्यायचा. मग गालांचा रंग, ओठ, कपाळ. आणि सर्वांत शेवटी डोळे. डोळे काढण्याच्या या कामाला आखणी म्हणतात. तोवरची कामं घरातलं कुणीही करू शकतं, केरबाची बायको यमुना तर ती नवऱ्यापेक्षा नीट करत असे. आखणी मात्र एकाच हाताची. आखणी झाल्याशिवाय मुखवट्याला कुणी गौर म्हणत नाही.

हे काम केरबाला शिकवलं रखमाजीबाबांनी. कारखाना मुळात त्यांचा. केरबा त्यांच्याकडे आला तेव्हा वीस वर्षांचा होता. पाच वर्षं बाबांनी त्याला नुसती माती मळायला लावली आणि पुढची सात वर्षं फुटक्या खापरांवर रेघा ओढायला. तीन वर्षांपूर्वी बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू दाटला. माणूस समोर आला की एक सावली हलली एवढंच त्यांना समजे. त्या वर्षी त्यांनी आपला कुंचला केरबाच्या हाती दिला आणि स्वतः दाराशी, उन्हात बसू लागले. आखणीबद्दल त्यांनी पुन्हा एक शब्द काढला नाही.

पहिली दोन वर्षं केरबाने चांगलं काम केलं. दुसऱ्या वर्षी तर फारच चांगलं केलं, आणि तिथेच घोटाळा झाला.

पेठेतल्या एका मोठ्या व्यापाऱ्याने त्या वर्षी त्याच्याकडून एक जोडी नेली होती. पूजेच्या दिवशी त्या व्यापाऱ्याच्या सोप्यात गाव लोटला. धाकट्या गौरीचे डोळे पाहून बायका बोलायच्या थांबल्या म्हणतात. व्यापारी रसिक होता, मनाने उदार होता. त्याने केरबाला चारचौघांत बोलावून घेतलं, शाल पांघरली आणि भरल्या आवाजात सांगितलं, "केरबा, असे डोळे पुन्हा होणे नाही."

त्याने कौतुकच केलं होतं. त्या माणसाच्या मनात दुसरं काहीही नव्हतं. पण केरबा घरी आला तो हे वाक्य बरोबर घेऊन.

पुढच्या श्रावणात साठ जोड्या रंगून फळ्यांवर मांडल्या गेल्या. एकशेवीस मुखं, डोळ्यांविना. केरबा सकाळी आंघोळ करून, काजळी खलून आखणीला बसला. पहिली रेघ ओढली आणि त्याला ती मागच्या वर्षीच्या रेघेच्या शेजारी दिसली. उणी वाटली. त्याने ती पुसली, खडीचा हात दिला, तो वाळू दिला, रेघ पुन्हा ओढली. पुन्हा पुसली. चार दिवस हेच चाललं. त्या एका मुखवट्यावर खडीचे इतके थर चढले की पापणीची कडच बुजून गेली. पाचव्या दिवशी तो व्यापाऱ्याकडे गेला आणि ती जुनी जोडी पाहायला मागितली. त्याने ती कौतुकाने दाखवली. केरबा बराच वेळ पाहत राहिला. हे आपण कसं केलं ते त्याला आठवेना. परत आला तेव्हा त्याची अवस्था आधीपेक्षा वाईट होती.

मग तो नुसताच बसू लागला. कुंचला काजळीत बुडवायचा, मुखवट्याजवळ न्यायचा, आणि टेकवण्याआधी हात आपोआप मागे यायचा. काजळी वाळून जायची. यमुनेने दोनदा विचारलं. पहिल्यांदा तो म्हणाला, उजेड नीट नाही. दुसऱ्यांदा तो उठून बाहेर गेला. ती समजूतदार बाई होती. तिने विचारणं सोडलं. पण गिऱ्हाइकं येऊन चौकशी करून जात होती, आणि त्यांना काय सांगायचं हे तिला समजत नव्हतं. बाबांना दिसत नव्हतं. दुसरा आखणी करणारा त्या मुलखात नव्हता. त्या वर्षी नव्याने संसार मांडलेल्या सुनांच्या घरी गौरी बसायच्या होत्या, आणि फळ्यांवर एकशेवीस आंधळी मुखं भिंतीला टेकून उभी होती.

सणाला बावीस दिवस उरले तेव्हा केरबाने कुंचला फडक्यात गुंडाळून आढ्याला खोचला. दाराशी बसलेल्या बाबांजवळ गेला आणि खाली मान घालून सांगितलं की आता हे काम आपल्याच्याने होणार नाही. मातीची सवय आहे, कौलं करीन, माठ करीन. ज्या हाताला रेघ येत नाही त्याने गौरीला हात लावू नये. हे त्याने घाईघाईने उरकलं, कारण त्याला वाटत होतं, बाबा रागावतील किंवा समजूत घालतील, आणि दोन्ही आपल्याला सोसणार नाही.

बाबांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी विचारलं, "गेल्या वर्षीची एक जोडी उरली होती ना? डोळे काढलेली?"

उरली होती. एका घरी सुतक आल्यामुळे ती न्यायचं राहून गेलं होतं.

"ती बांधून घे," बाबा म्हणाले, "आणि नदीपलीकडे आमराईच्या वाडीला जा. तिथं कोंडाबाई म्हणून आहेत. त्यांच्या घरात माझ्या हातची जुनी जोडी आहे. त्यातल्या धाकटीचा डावा डोळा चुकलेला आहे. ही नवी जोडी त्यांना दे आणि ती जुनी मागून आण. ती माझ्या हयातीत परत आली पाहिजे."

केरबा त्यांच्याकडे पाहतच राहिला. जायला एक दिवस, यायला एक दिवस. घरात साठ जोड्या अडल्या आहेत, आपण काम सोडतो म्हणून सांगतो आहोत, आणि या माणसाला कुठल्या तरी जुन्या मुखवट्याची आठवण व्हावी! यमुनेने आत भांडी जरा जोरातच ठेवली. दोघांच्याही मनात एकच आलं, की बाबांचं वय झालं. पण पंधरा वर्षांत केरबाने त्यांचा शब्द मोडला नव्हता. काम सोडण्याआधी शेवटचं एवढं करू, असं मनाशी म्हणून तो दुसऱ्या दिवशी उजाडताच निघाला.

वाटभर तो त्या चुकलेल्या डोळ्याचाच विचार करत होता. बाबांच्या हातून डोळा चुकला होता, हे त्याला ठाऊक नव्हतं. पंधरा वर्षांत त्याने ते कधी पाहिलं नव्हतं, कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, एवढ्या वर्षांची ती लाज बाबांनी आपल्यासारख्या हरलेल्या माणसाच्या हाती का द्यावी, याचं त्याला वाईटही वाटत होतं.

दिवस कलायच्या आत तो वाडीला पोहोचला. कोंडाबाईंचं घर दोन खणांचं, स्वच्छ सारवलेलं. बाई साठीच्या होत्या, कपाळ मोकळं, चेहरा हसरा. सून सगुणा परसात शेळीला पाला घालत होती. केरबाने आपली ओळख सांगितली आणि काखेतलं गाठोडं खाली ठेवलं, तशा बाई हसायलाच लागल्या.

"या खेपेला स्वतः नाही आले होय?" त्यांनी विचारलं.

मग त्यांच्याकडून केरबाला समजलं की बाबा या घरी याआधी तीनदा येऊन गेले होते. पहिल्याच वर्षी, मग दहा-बारा वर्षांनी, आणि दृष्टी जायच्या थोडं आधी. दर खेपेला पाठीवर नवी जोडी. दर खेपेला कोंडाबाईंनी त्यांना जेवू घातलं आणि त्या जोडीसकट परत पाठवलं. केरबालाही त्यांनी आधी हातपाय धुवायला लावले, भाकरी आणि दोडक्याची भाजी वाढली, आणि त्याचं पोट भरेपर्यंत मुखवट्यांचा विषय निघू दिला नाही.

जेवण झाल्यावर त्यांनी सुनेला हाक मारली. सगुणाने हात धुतले, गव्हाच्या कणगीत हात घालून कापडात गुंडाळलेली दोन मुखं बाहेर काढली, पाटावर मांडली आणि हळदीकुंकू वाहिलं. कोंडाबाई मागे सरकून बसल्या होत्या. वेळेआधी उठवलं म्हणून त्यांनी मनातल्या मनात गौरींची माफी मागितली असावी, त्यांचे ओठ हलले.

केरबाने पाहिलं. थोरली सुरेख होती, बाबांच्या हातची म्हणून कुठेही ओळखू आली असती. धाकटीचा उजवा डोळाही तसाच. पण डावा खरोखरच चुकलेला होता. त्याची रेघ अर्ध्यावर जरा खाली उतरली होती, आणि त्यामुळे तो डोळा सुजल्यासारखा, जड झाल्यासारखा दिसत होता. आखणी करणाऱ्या माणसाला ती चूक पाहताक्षणी टोचली असती. केरबाला टोचली. वर पंचेचाळीस वर्षांच्या हाताळण्याने काळा रंग झिजून फिका पडला होता, काही ठिकाणी तर मागची खडी दिसत होती.

तो म्हणाला की नवी जोडी चांगली आहे, बाईंनी एकदा उघडून तरी पाहावी. बाईंनी गाठोड्याला हात लावला नाही.

"ऐक," त्या म्हणाल्या. "मी आणि ही धाकटी एकाच वर्षी या घरात आलो. मी चौदा वर्षांची होते. आई चार दिवसांच्या वाटेवर. सासू काही वाईट नव्हती, पण मला कुणाशी बोलावं ते समजायचं नाही. त्या वर्षी सासऱ्यांनी हे मुखवटे नवे आणले. थोरली बघ कशी निवांत बघते. आणि ही अशी. मला वाटलं, ही पण रडूनच आली आहे. तीन दिवस मी तिच्याशी बोलले. कुणी नसलं की बोलायचे. चौथ्या दिवसापासून मला या घरात करमायला लागलं."

धाकटीकडे बघत त्या पुढे बोलल्या.

"धनी गेले त्या वर्षी येणारं-जाणारं माणूस माझ्याकडं कीव करून बघायचं. हिनं तसं नाही बघितलं. पूजा आता सून करते, मी मागं बसते. पण ती बघते माझ्याकडंच. आता सांग, तुझ्या बाबांना हिला परत कशी देऊ?"

केरबाने गाठोड्याची गाठ आवळली. तो गाठोडं उचलून निघायच्या बेतात होता, पण बाई काहीतरी बोलायचं राहिल्यासारख्या बसून होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, की डोळ्याचा रंग उडत चालला आहे, दोन-चार वर्षांत तो पुसूनच जाईल. तो पुन्हा काळा करून मिळेल का? बाबांना त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. बाबांच्या हाती दिला तर ते डोळा सरळ केल्याशिवाय राहणार नाहीत, अशी त्यांना भीती होती.

"तू आहे तसाच गिरवशील?" त्यांनी विचारलं. "सरळ नाही करणार?"

केरबाने सांगून पाहिलं की आपण काम सोडलं आहे. कुंचलाही जवळ नाही. बाईंनी आग्रह केला नाही. त्या फक्त त्या फिक्या डोळ्याकडे पाहत राहिल्या, जवळचं माणूस आजारी असलं की त्याच्या उशाशी बसून पाहावं तशा. केरबाला ते पाहवेना. त्याने सगुणाकडे शेळीच्या शेपटीचे थोडे केस मागितले, काडीला दोऱ्याने घट्ट बांधून दातांनी टोक सारखं केलं. दिव्यावर तांब्याची ताटली धरून काजळी जमवली, बाभळीचा डिंक पाण्यात विरघळवून त्यात ती खलली. हे सगळं करेपर्यंत संध्याकाळ होत आली. उंबऱ्याजवळ अजून चांगला उजेड होता, तिथे तो मुखवटा मांडीवर घेऊन बसला.

काडी डोळ्याजवळ नेली आणि हात नेहमीसारखा थबकला. त्याने वर पाहिलं. कोंडाबाई समोर बसल्या होत्या आणि त्यांनी दोन्ही हात एकमेकांत इतके घट्ट धरले होते की बोटं पांढरी झाली होती. त्यांनाही भीती वाटत होती. केरबाच्या भीतीपेक्षा त्यांची भीती मोठी होती. त्याचा फार तर नावलौकिक गेला असता. त्यांचं पंचेचाळीस वर्षांच्या सोबतीचं माणूस गेलं असतं. हे ध्यानात आलं तेव्हा केरबाच्या मनात एकच गोष्ट उरली, की या बाईचं माणूस हिला जसंच्या तसं परत मिळालं पाहिजे. आणि काडी टेकली.

दुसऱ्याची रेघ गिरवताना हाताला पुष्कळ समजतं. कुठे दाब दिला, कुठे श्वास घेतला, कुठे कुंचला वळला. आतल्या कोपऱ्यापासून निघालेली बाबांची ती रेघ केरबाला ओळखीची होती, तिच्यावरून त्याचा हात अलगद पुढे जात होता. आणि डोळ्याच्या बरोबर मध्यावर ती संपली. नुसती वाकडी झाली नव्हती, संपली होती. तिथे काळ्याचा एक बारीकसा ठिपका होता, कुंचला उचलताना राहिला असावा तसा. मग केसभर जागा मोकळी. आणि पुढची रेघ किंचित खालून, वेगळ्याच हाताने ओढल्यासारखी, कापत कापत सुरू होत होती. बाहेरच्या कोपऱ्याशी पोहोचेपर्यंत ती पुन्हा बाबांची झाली होती.

केरबाने तो ठिपका तसाच ठेवला. ती केसभर जागाही ठेवली. कापरी रेघ कापरीच गिरवली. काम संपलं तेव्हा आपले डोळे भरून आले आहेत, हे त्याला मुखवट्यावर पाणी पडू नये म्हणून मान वळवताना समजलं.

कोंडाबाईंनी मुखवटा हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग सुनेला दाखवला. दोघी हसल्या. त्या रात्री केरबा ओसरीवर झोपला, सकाळी न्याहारी करून निघाला, आणि बाबांची तीन गाठोडी परतली होती तसंच हे चौथं घेऊन मावळतीच्या सुमारास घरी आला.

बाबा दाराशीच होते. पावलांवरून त्यांनी ओळखलं. नाही दिली ना, असं त्यांनी विचारलं. केरबा त्यांच्या पायाशी बसला आणि झालं ते सगळं सांगितलं. सांगता सांगता थांबून म्हणाला, "बाबा, ती रेघ मध्येच थांबली होती."

"हाताला कळलं?"

"कळलं."

बाबांनी पाय जवळ ओढून घेतले. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"माझे गुरू गेले त्याच्या दुसऱ्या महिन्यातली ती जोडी. लोक म्हणायचे, असा आखणी करणारा पुन्हा होणार नाही. मी त्यांच्या जागेवर बसलो होतो. तीन डोळे काढले. चौथ्याच्या मध्यावर माझ्या मनात आलं, हे त्यांच्यासारखं नाही. कुंचला उचलला, बाहेर जाऊन बसलो. पुन्हा टेकवीन असं वाटत नव्हतं. पण गिऱ्हाईक दारात येऊन उभं होतं, कोंडाबाईंचा सासरा. म्हणून आत गेलो आणि उरलेली रेघ ओढली. त्या रेघेची लाज मी चाळीस वर्षं वागवली. ती बदलायला तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी कोंडाबाईंनी मला ते माहेरच्या आठवणीचं सांगितलं, जे काल तुला सांगितलं. परत येताना वाटेत मला उमजलं. मी डोळा लोकांनी बघावा म्हणून काढत होतो, आणि त्या घराला हवा होता आपल्याकडं बघणारा डोळा. तू वर्षभर तेच करतो आहेस, केरबा. त्या व्यापाऱ्याचं वाक्य पुढ्यात ठेवून डोळे काढतोस. त्याच्या बोलण्यात खोटं काय होतं? तसे डोळे पुन्हा होणार नाहीत. कुठलेच होत नाहीत."

केरबाने विचारलं, की मग वाकडी रेघही चालते असं समजायचं का.

"नाही," बाबा म्हणाले. "आज दिसत असतं तर ती मी सरळच काढली असती. तुला येतं तेवढं सगळं त्या रेघेत घाल. पण मध्ये हात थांबला, तर जिथं थांबला तिथून पुढं जा. पुसत बसू नकोस. आणि भीती जाईल म्हणून वाट बघू नकोस. माझी कधी गेली नाही. मी तिला शेजारी बसवून काम केलं."

"मग हे आधीच का नाही सांगितलंत? इतक्या लांब कशाला धाडलंत?"

"सांगितलं असतं तर तू ऐकून घेतलं असतंस," बाबा म्हणाले. "हाताला कान नसतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी यमुनेला कारखान्यातून काजळी खलण्याचा आवाज आला. ती दारापर्यंत गेली आणि आत न जाता परत फिरली. केरबाने पहिली जोडी पुढ्यात ओढली होती. बाबा शेजारी येऊन बसले आणि ही जोडी कुणाच्या घरची, असं त्यांनी विचारलं. केरबाला ठाऊक नव्हतं. त्याने आजवर मुखवट्यांना आकडे दिले होते. यमुनेला विचारून त्याने सांगितलं, वरच्या आळीतल्या नव्या सुनेची, पार्वतीची. सासूसासरे नाहीत, घरात नवरा-बायको दोघंच. यंदा पहिल्यांदा गौरी बसणार आहेत. बाबा हूं म्हणाले.

केरबाचा हात कापत होता. त्याने कापू दिला. थोरलीचे डोळे काढून झाले. धाकटीच्या उजव्या डोळ्याची रेघ शेवटाला त्याच्या मनातल्यापेक्षा किंचित आखूड आली. जुनी सवय उसळून आली, डावा हात पुसायच्या फडक्याकडे गेला. तो तिथेच राहू देऊन केरबाने पार्वती कशी असेल याचा विचार केला. नव्या घरात एकटी, सोळा भाज्या करायच्या आहेत, पुरण बिघडलं तर सांगायला कुणी नाही. मग त्याने डाव्या डोळ्याला सुरुवात केली.

अठरा दिवसांत साठ जोड्या झाल्या. सगळ्या सारख्या उतरल्या असं नाही. काही फार सुंदर झाल्या, काही बऱ्या. दोन-तीन वेळा तो उठून बाहेर जाऊन बसला आणि परत आला. व्यापारी एकदा येऊन पाहून गेला. मागच्या वर्षीच्या तोडीची एकही नाही, असं त्याला वाटलं असावं, पण तो सभ्य माणूस होता, बोलला नाही. केरबाला त्याच्या चेहऱ्यावरून ते समजलं. त्या दुपारी त्याला जेवण गोड लागलं नाही, हेही खरं. पण जेवून तो पुन्हा कामाला बसला.

गौरी यायच्या आदल्या दिवशी लोक मुखवटे न्यायला आले. वरच्या आळीची पार्वती एकटीच आली, हातात नवं ताट आणि रेशमी खण घेऊन. चालताना घाई झाली होती, केस विस्कटलेले, हाताला हळद की बेसन लागलेलं. यमुनेने जोडी तिच्यासमोर पाटावर ठेवली आणि वरचं कापड काढलं. पार्वती वाकून पाहू लागली. थोरलीकडे पाहिलं, मग धाकटीकडे. तिच्याकडे पाहता पाहता ती थोडी सरळ झाली, आणि आपल्याही नकळत तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

कुणाचाच आवाज येईना म्हणून दाराशी बसलेल्या बाबांनी विचारलं, "काय झालं रे?"

"काही नाही, बाबा," केरबा म्हणाला. "तिनं पदर सारखा केला."

बाबांनी मान हलवली आणि ते पुन्हा उन्हाकडे तोंड करून बसले.